खांदा बघून ये

सप्टेंबर २०२४, पोळ्याचा दिवस. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या घरी आता गोठा रिकामा आहे. शेवटचा बैल, चित्र्या, २०१९ साली म्हातारपणाने गेला आणि त्याच्या जागी खताच्या गोण्या आल्या. तरी आई मातीच्या जोडीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतेच. त्या दिवशी पानावर बसल्याबसल्या मी आण्णांना सांगून टाकलं, की फेब्रुवारीत मी एकटी उत्तर ध्रुवाकडच्या एका गावाला चाललेय, बर्फावर गाडी ओढणारी कुत्री बघायला.

आई म्हणाली, "एकटी?" भाऊ म्हणाला, "किती खर्च?" आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुत्री आपखुशीनं ओढतात का?"

"ओढतात म्हणे."

"म्हणे नको. खांदा बघून ये. मालक काय वाटेल ते सांगतो. खांदा खोटं बोलत नाही."

ज्यांच्या घरी बैल होते त्यांना हे समजावायला नको. जू नीट बसलं नाही, ओझं एकाच बाजूला आलं, की बैलाच्या मानेवर गाठ येते, कातडं जाड होतं, आत पू धरतो. खांदेसूज म्हणतात तिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना आण्णांचा हात आधी ती गाठ शोधायचा, तूप-हळद नंतर. तर या प्रवासाचं काम मला जाण्याआधी पाच महिने नेमून दिलं गेलं होतं.

मी काही कुत्र्यावेडी नाही. आमच्या नाशिकच्या इमारतीखालच्या चार कुत्र्यांशी माझी ओळख जाता-येता 'हाड' म्हणण्याइतकीच. पण दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. गाडीला जुंपायला घेतलेली कुत्री जागेवर उड्या मारत होती, किंचाळत होती, दोर चावत होती. आमचा चित्र्या जू दिसलं की एक पाऊल मागे सरायचा. जुंपून घ्यायची घाई असलेलं जनावर मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते खरं आहे का, एवढंच बघायचं होतं.

जागा निवडताना मी थोडा हट्टीपणा केला, तो आधीच कबूल करते. नॉर्वेतलं ट्रॉम्सो किंवा फिनलंडमधलं रोव्हानिएमी निवडलं असतं तर निम्मे कागद वाचले असते. मी निवडलं लाँगइयरब्येन. हे स्वालबार्ड बेटांवरचं गाव. ७८ अंश उत्तर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. १९०६ साली जॉन लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसाने कोळशासाठी वसवलं, त्याचंच नाव गावाला चिकटलं. नकाशात त्याच्या वर बोट सरकवलं तर गाव म्हणावं असं फारसं काही लागत नाही.

पण इथे एक खोच आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी मुख्यतः तिच्यासाठीच लिहिते आहे. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. ९ फेब्रुवारी १९२०ला पॅरिसमध्ये झालेल्या कराराने ही बेटं नॉर्वेला मिळाली आणि करारातल्या देशांच्या लोकांना तिथे सारखे हक्क मिळाले. ब्रिटिश साम्राज्याच्या नावाने भारतही त्यात आहे. आणि स्वालबार्डला जायला व्हिसाच लागत नाही. हे वाचून मी एक दिवस आनंदात काढला. दुसऱ्या दिवशी उजेड पडला: विमान जातं ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून. म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, तिथून बाहेर पडून स्वालबार्डला जाता आणि परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरता. एकच प्रवेश असलेला व्हिसा घेतलात तर जाल, पण परत येण्याचे वांधे. दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. हे डोक्यात पक्कं करून मगच अर्ज उघडा.

त्याआधी माझं आणखी एक काम होतं. मी सरकारी नोकरीत आहे, त्यामुळे परदेशी जायला खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ९ सप्टेंबरला अर्ज दिला. फाइल चार टेबलं फिरली. तिसऱ्या टेबलावर ती अडकली, कारण 'देशाचे नाव' या रकान्यात मी 'नॉर्वे व स्वालबार्ड' लिहिलं होतं आणि स्वालबार्ड हा देश यादीत सापडेना. सापडणार कसा, तो देशच नाही. तीन आठवडे फाइल तिथेच. शेवटी मी स्वतः जाऊन रकाना बदलून 'नॉर्वे (स्वालबार्ड बेटांसह)' असं लिहून दिलं आणि दोन दिवसांत सही झाली. २२ ऑक्टोबरला कागद हातात. तुम्हीही कंसातच लिहा.

व्हिसाचा अर्ज नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याच्या पोर्टलवर ११ नोव्हेंबरला भरला. शुल्क ९० युरो. जून २०२४ पर्यंत ते ८० होतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. कागद नेहमीचेच: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचा शिक्का मारलेला खातेउतारा, पगाराच्या पावत्या, रजामंजुरी, ते घाम काढून मिळवलेलं ना-हरकत, विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. विम्यापाशी थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींवर 'शेंगेन' एवढंच छापलेलं असतं आणि स्वालबार्ड तर शेंगेनबाहेर. मी कंपनीला ईमेल करून 'स्वालबार्ड समाविष्ट' असं लेखी मागवलं, त्याला नऊ दिवस लागले. तिथलं इस्पितळ छोटं आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवतात. त्या विमानाचं बिल आपल्या नावावर आलं तर सिन्नरची जमीन विकावी लागेल.

२५ नोव्हेंबरला पहाटे उठून पंचवटीने मुंबई. अर्ज केंद्रातल्या काउंटरवरच्या मुलीने माझा अर्ज वाचला आणि म्हणाली, "मॅडम, एकाच देशात जाताय ना? मग दोन एंट्री कशाला? सिंगल करून टाकू?" तिचा हेतू चांगलाच होता. मी स्वालबार्डच्या गव्हर्नर कार्यालयाच्या संकेतस्थळावरची माहिती छापून नेली होती. दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. ती ओळ पिवळ्या पेनने रंगवलेली. तिने वाचली, मागे जाऊन कोणाला तरी दाखवली, परत आली आणि काही न बोलता कागद अर्जाला जोडला. बोटांचे ठसे, फोटो, कुरिअरचे पैसे. दुपारी दोनला मी स्टेशनासमोर वडापाव खात होते.

१६ डिसेंबरला पासपोर्ट घरी आला. पाकीट फाडल्यावर स्वतःचा फोटो कसा आलाय ते नंतर बघा. आधी 'एंट्रीज'समोरचा आकडा बघा. माझ्या स्टिकरवर ०२ होतं. मी भावाला फोन करून सांगितलं, "दोन आले!" त्याला वाटलं बहुतेक जुळी झाली कुणाला तरी.

कपड्यांबद्दल थोडक्यात. पंचवीस हजारांचं जाकीट घेऊ नका. कुत्र्यांचे तळ चालवणारे लोक वरचा जाड सूट, बूट आणि मोठे हातमोजे तिथेच देतात. आपण न्यायचे ते आतले दोन थर, आणि ते लोकरीचे हवेत, सुती अजिबात नकोत. घामाने सुतीचा कपडा ओला झाला की संपलं. लोकरीचे पायमोजे चार जोड. आणि हसू नका, मावशीने विणलेली माकडटोपी मी नेली होती, तिथल्या कुठल्याही महागड्या टोपीपेक्षा ती कानांवर नीट बसली. खाण्याचं म्हणाल तर नॉर्वेत युरोपाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. म्हणून तूप आणि पेढे आईने भरलेल्या डब्यातून मी मुंबईत बाहेर काढले. मेतकूट, भडंग, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र गेली.

१९ फेब्रुवारी २०२५च्या रात्री निघाले. आखाती देशात विमान बदलून २०ला ऑस्लो, रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात. २१ला सकाळी लाँगइयरब्येनचं विमान. देशांतर्गत उड्डाण समजून मी आरामात फिरत होते. पण या विमानाला पासपोर्ट तपासणी पार करून जावं लागतं, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. अधिकाऱ्याने पान उलटलं, स्टिकर बघितलं, बाहेर पडल्याचा शिक्का मारला. पहिला प्रवेश खर्ची पडला. तीन तासांनी उतरलो. उतरल्यावर पासपोर्ट कोणी विचारला नाही. सामानाच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं होतं, तेवढंच स्वागत.

आणि बाहेर पाऊस पडत होता.

चुकून नाही लिहिलं. उत्तर ध्रुवापासून तेराशे किलोमीटरवर, फेब्रुवारीत, नाशिकच्या जुलैसारखी बारीक भुरभुर. मी उणे २५ची तयारी करून आले होते आणि गावात पारा शून्याच्या वर. रस्त्यावरचा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, वर पाण्याचा थर. बसमधून उतरून दहा पावलं टाकली आणि बॅगेसकट खाली बसले. नंतर वाचलं, की तो महिनाच तसा होता. उत्तरेकडच्या न्यू-ऑलेसुंदमध्ये त्या फेब्रुवारीत २८ पैकी १४ दिवस पारा शून्याच्या वर गेला, महिन्याची सरासरी उणे ३.३ राहिली. एरवी ती उणे १५च्या घरात असायची. न्यू-ऑलेसुंद म्हणजे जिथे २००८पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला. तिकडच्या आपल्या माणसांनी फेब्रुवारीत काय गमबूट घातले असतील का, असं त्या रात्री मनात आलं.

मी राहिले ते न्यूब्येनमध्ये, गावाच्या वरच्या टोकाला. खाणकामगारांच्या जुन्या बराकी आता गेस्टहाउस झाल्या आहेत. दारातच बूट काढायचे. हॉटेल असो, संग्रहालय असो, देवळात शिरल्यासारखे बूट बाहेर. कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी घातलेला हा नियम अजून चालू आहे. सामायिक स्वयंपाकघरात मी मेतकूट-भात केला. भाताला उकळी आल्यावर सगळं बरं वाटायला लागलं.

२२ तारखेला सकाळी माझी कुत्र्यांची सफर होती. सात वाजता निरोप आला: रद्द. नुसत्या निसरड्या बर्फावर गाडीचा ब्रेक धरत नाही आणि कुत्र्यांचे पाय जायबंदी होतात. पैसे परत घ्या किंवा २४ला या. माझं परतीचं विमान २५ला. पोटात खड्डा पडला. पाच महिने, चार टेबलं, दोन प्रवेश, आणि पावसाने अडवलं. पण विचार केला तर आण्णांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या निरोपातच होतं. पाय जपण्यासाठी दिवसाचा धंदा बुडवणारा मालक, ही तशी चांगली खूण. तरी तुमच्यासाठी सांगते: सफर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच ठेवा आणि मागे निदान दोन रिकामे दिवस ठेवा. मी योगायोगाने ठेवले होते.

ते दोन दिवस मी बुटांना लावायचे खिळे विकत घेऊन गावात फिरले. त्यांना तिथे ब्रॉडर म्हणतात, पडण्याआधी घ्यायचे असतात. गावाबाहेर अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी लागते, 'हे संपूर्ण स्वालबार्डला लागू' अशी. तिच्यापुढे बंदूक आणि ती चालवता येणारा माणूस असल्याशिवाय कोणी जात नाही. एकट्या बाईने सांभाळून राहावं म्हणून इथून निघताना मला बरेच सल्ले मिळाले होते. तिथे माणसांची भीती एकदाही वाटली नाही. रात्री अकराला न्यूब्येनचा चढ एकटी चढले. भीती घसरण्याची.

उजेडाबद्दल. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य तिथल्या क्षितिजावर येतो, पण डोंगरांमुळे गावात ऊन पडतं ते ८ मार्चला. त्या दिवशी सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी जमतं आणि सूर्याला हाका मारतं. मी गेले तेव्हा दिवस असायचा, पण सावली नसायची. सगळं निळसर, निळ घातलेल्या धोतरासारखं. नॉर्दर्न लाइट्स दिसले नाहीत. ढग होते.

विमानतळाच्या वरच्या डोंगरात बियाण्यांची ती प्रसिद्ध तिजोरी आहे, २००८ साली उघडलेली. आत जाता येत नाही. पण हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा त्या डोंगरात उणे १८ला आहे, हे मी आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तूर? तिथं? बरं. कुत्री बघितली का?"

२४ला पारा उतरला. उणे आठ-नऊ. रात्री बोटभर नवा बर्फ पडला होता. नऊ वाजता गाडी घ्यायला आली आणि आम्ही अस्वलाच्या पाटीपलीकडे आडव्हेंटडालेन दरीत शिरलो. वाटाडी मुलगी पंचविशीची, खांद्याला रायफल. आम्ही सहा पाहुणे. एका गाडीवर दोघं बसतात. एकटी असाल तर जोडी कोणाशी लावणार ते आधी विचारा. काही ठिकाणी दोन माणसांचे पैसे घेतात. माझ्या वाट्याला पोलंडहून आलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे छान जमलं. सूट चढवण्याआधी जाऊन या, ही सूचना बायकांनी विशेष लक्षात ठेवा. तो सूट काढून पुन्हा घालायला वीस मिनिटं लागतात.

तळावर शंभरेक कुत्री. प्रत्येकाचं फळ्यांचं खोपटं, प्रत्येकाला साखळी, आणि साखळीच्या लांबीएवढा तुडवलेला गोल. तो गोल मला आवडला नाही. हे लिहिलं नाही तर आण्णांना तोंड दाखवता येणार नाही.

कुत्री माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाली. निळ्या डोळ्यांची, केसाळ, कॅलेंडरवरची अशी दोन-तीनच. बाकीची अलास्कन हस्की: लांब पायांची, वीस-पंचवीस किलोंची, बरगड्यांचा अंदाज येईल अशी. आमच्या इमारतीखालच्या चौघांत सहज खपून जातील. शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल यांत फरक असतो, तसंच हे. ही पळणारी. गावात काही ठिकाणी ग्रीनलंडची जड कुत्री आहेत, ती ओझ्याची.

वाटाडीने कागद दिला. सहा नावं, कोण कुठे जुंपायचं ते. पुढे दोन वाट दाखवणारे, मध्ये दोन, आणि गाडीलगत दोन दांडगे, आपले धुरेचे बैल म्हणा ना. कासरा नाही, वेसण नाही, चाबूक नाही. वळायचं ते तोंडाने सांगून. एका वेताच्या पिल्लांना इथे एकाच जातीची नावं ठेवतात. माझ्या कागदावर मसाल्यांचं वेत आलं होतं. पुढे होती कार्डेमोमे, म्हणजे वेलदोडा. नॉर्वेची माणसं पावातही वेलदोडा घालतात. मी तिला वेलची म्हणायला लागले. तिने हरकत घेतली नाही.

आता जुंपणं. साज घेऊन कुत्र्याजवळ जायचं, दोन पायांमध्ये त्याला धरायचं, डोकं घालायचं, मग एकेक पुढचा पाय. मी वेलचीचा पाय चुकीच्या भोकातून काढला. तिने तो स्वतः उचलून मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं, 'पुन्हा कर' अशा अर्थाने. पट्ट्याला धरून न्यायचं तेही पुढचे पाय वर उचलून, मागच्या दोन पायांवर. चारही पाय जमिनीला टेकले तर ते तुम्हाला ओढत नेतं. माझे हात थरथरत होते. पण पहिल्या कुत्र्यापाशी, साज चढवण्याआधी, मी हातमोजे काढून बोटं केसांत खुपसली. वरचे केस राठ, खाली कापसासारखा दुसरा थर, त्याखाली गरम कातडं. मान, खांदा, पुढच्या पायाची खाच. गाठ नाही. जाड कातडं नाही. दुसरा, तिसरा, तसंच. वाटाडी येऊन उभी राहिली. काय शोधतेस? मी मोडक्या इंग्रजीत बैल, जू, माझे वडील असं सगळं सांगितलं. ती हसली नाही. माझा हात धरून तिने वेलचीच्या काखेत नेला. म्हणाली, इथे बघ, घासलं तर इथे घासतं. साज ओझं छातीवर घेतो, खांद्यावर नाही. एका कुत्र्याच्या काखेत पावलीएवढी जागा केस उडालेली होती. तो त्या दिवशी यादीत नव्हता.

एव्हाना आवाज असा, की बोललेलं ऐकू येईना. जुंपलेली उड्या मारतायत, दोर दातांनी धरतायत. आणि ज्यांना नेत नव्हतो ती त्याहून जोरात, खोपटांवर चढून, मान वर करून रडत होती. चित्रफितीत त्यांच्याकडे कॅमेरा वळला नव्हता. मला तिथल्या तिथे उत्तर मिळालं असं वाटलं. पण मग मनात आलं, साखळीला बांधलेलं कोण नाही ओरडणार सुटायला? ही शंका अजून पुरती गेलेली नाही.

पहिला अर्धा रस्ता मी हाकणार होते. नियम तीन: ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, दोर सैल पडू द्यायचा नाही, आणि पडलात तरी गाडी सोडायची नाही. बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा उपटला, ब्रेक उचलला.

सगळा आवाज एकदम बंद. नळ बंद केल्यासारखा. फक्त गाडीखाली बर्फ खरखरतोय आणि चोवीस पायांची टपटप. मला रडू आलं. पोलंडच्या बाई पुढे बसून पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटत होत्या, बहुधा देवाचंच. मग पळता-पळता मधल्या उजव्याने शेपूट उचलून आपला कार्यभाग उरकला, थांबलाही नाही, आणि वाऱ्याने तो वास थेट आमच्याकडे आणला. रडू थांबलं.

चढावर उतरून ढकलायचं असतं. मला ते कळायला वेळ लागला. वेलचीने पळतापळता मान वळवून मागे बघितलं. हे बघणं मी ओळखते. भरल्या गाडीवर पाहुणा बसून राहिला की चित्र्या असाच बघायचा. उतरले, ढकललं, सुटाच्या आत घामाने निथळले.

परतीच्या आधी एका उघड्या बर्फाच्या पट्ट्यावर गाडी कलंडली. मी सोडली नाही. दहा-बारा फूट फरपटले, कोपर आपटलं, मग आकडा कुठेतरी अडकून सगळं थांबलं. सहाही कुत्री वळून बघत उभी, जीभ बाहेर, अजिबात काळजी नाही. कोपर पुढे पंधरा दिवस हिरवं-निळं होतं. विम्याचा कागद कामाला आला नाही, त्याबद्दल देवाचे आभार.

पंधरा किलोमीटर, दीड-दोन तास. मध्ये थांबलो की कुत्री बर्फ खायची, त्यात लोळायची. उणे आठ त्यांना गरम होतं. उणे वीसला ती खरी खुशीत असतात, असं वाटाडी म्हणाली. आल्यावर साज काढले, पंजे उलटे करून बोटांमधला बर्फ पाहिला, आणि मांसाचं कोमट पाणी सगळ्यांना. नुसतं पाणी थंडीत पीत नाहीत म्हणून त्यात मांस.

मी तिला शेवटी विचारलं, एखाद्याला ओढायचंच नसेल तर? ती म्हणाली, असतात ना. दोर सांगतो. ज्याला ओढायचं नाही त्याचा दोर सैल पडतो. तो नुसता सोबत पळतो. त्याला घर शोधून देतो, कोणाच्या तरी सोफ्यावर. म्हातारी झाली की तीही तशीच. सगळ्यांना घर मिळतं का, हे मी विचारलं. सगळ्यांना नाही, ती म्हणाली, आणि पुढे काही सांगितलं नाही. मीही खणलं नाही. रात्री खोलीत मला नॉर्वेचा ध्रुवप्रवासी अमुंडसेन आठवला. १९११च्या ऑक्टोबरात तो दक्षिण ध्रुवाकडे ५२ कुत्री घेऊन निघाला आणि जानेवारीत परतला तेव्हा ११ उरली होती. बाकीच्यांतली बरीच माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ली, आणि तेही आधी ठरवून. या पेशाला हाही खांदा आहे.

२५ला दुपारी परतीचं विमान. ऑस्लोला पासपोर्टच्या रांगेत माझ्या पुढे एक जोडपं अडकलं होतं. कशासाठी ते कळलं नाही, पण माझे तळवे ओले झाले. अधिकाऱ्याने स्टिकरवर बोट ठेवून पुटपुटत मोजलं, एक, दोन, आणि शिक्का मारला. काउंटरवरच्या त्या मुलीचं ऐकलं असतं तर इथे काय झालं असतं, याचा विचार मी मुंबईला उतरेपर्यंत करत होते.

खर्च, कारण भावासारखं तुम्हीही विचाराल. तेव्हा एक नॉर्वेजियन क्रोन पावणेआठ रुपयांना होता. मुंबई-ऑस्लो जाऊन-येऊन ६४,०००. ऑस्लो-लाँगइयरब्येन २६,०००. न्यूब्येनच्या चार रात्री ३९,०००, ऑस्लोच्या दोन २०,०००. कुत्र्यांची सफर १४,६००. व्हिसा, सेवाशुल्क, कुरिअर मिळून ११,०००. विमा ४,०००. कपडे १२,०००. खाणं, बस, खिळे वगैरे २०,४००. एकूण २,११,०००. बाहेर जेवायचं ठरवलंत तर वरचे पंधरा हजार धरा. माझं मेतकुटाने भागवलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी गावी गेले. आईने कोपर बघितलं, भावाने फोटो बघितले. आण्णांनी ओसरीवर चहा होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं. खांदा साफ होता, काखेत घासतं, घासलेल्याला नेत नाहीत, साखळी आहे, ओढायचं नसलं तर दोर सैल पडतो.

"मग पडला होता का कुणाचा?"

"मागच्या डाव्याचा. चढावर. मी ढकलत होते तेव्हा हा नुसता पळत होता."

आण्णा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. "एक असतोच," म्हणाले. मग बशीत चहा ओतता-ओतता विचारलं, "त्याला पण मटणाचं पाणी दिलं ना?"

"दिलं."

"मग ठीक आहे."